साधनाताई आमटे : देवघर, चूल आणि आनंदवन

मोहर (धागाकर्ती)

५ मे १९२६ ही साधनाताई आमट्यांची जन्मतारीख, म्हणजे २०२६ हे त्यांच्या जन्मशताब्दीचं वर्ष. त्यांचे पती बाबा आमटे, कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन उभारणारे, यांच्यावर इथे वेळोवेळी भरभरून लिहिलं गेलंय. ताईंवर स्वतंत्र धागा मला सापडला नाही. बाबांवरच्या प्रत्येक लेखात 'पत्नी साधनाताईंची मोलाची साथ लाभली' एवढं एक वाक्य असतं आणि लेख पुढे जातो. मला ते वाक्य पुरत नाही, म्हणून हा धागा.

ताई मूळच्या नागपूरच्या, घुलेशास्त्र्यांच्या घरातल्या इंदू. संस्कृत पांडित्याची परंपरा असलेलं घर, त्यामुळे सोवळंओवळं, कुळाचार, सणवार सगळं कडक. अशा घरातल्या मुलीला कसं स्थळ बघायचं हे त्या काळी वेगळं ठरवावं लागत नसे. मुरलीधर देविदास आमटे, म्हणजे बाबा, त्या चौकटीत कुठेच बसत नव्हते. वरोऱ्याजवळच्या गोरज्याच्या जमीनदाराचा मुलगा, शिक्षणानं वकील, पण वकिली नकोशी झालेला आणि दाढी वाढवून बैराग्यासारखा राहणारा. घुल्यांकडच्या एका लग्नात ते नागपुरात होते. लग्नघर गजबजलेलं, आणि घरातली धाकटी मुलगी सगळ्यांची नजर चुकवून म्हाताऱ्या मोलकरणीला धुण्याचा ढीग उपसायला मदत करतेय. बाबांनी ते पाहिलं आणि मनाशी ठरवून टाकलं. ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे, आणि ती नेहमी बाबांच्या पारखी नजरेची गोष्ट म्हणून सांगतात. मी ती इंदूची गोष्ट म्हणून वाचते. बाबा आयुष्यात यायच्या आधीच ती तशी होती.

१८ डिसेंबर १९४६ रोजी लग्न झालं, इंदूची साधना झाली. बाबांनी वरोऱ्यात श्रमाश्रम काढला. सगळ्या जातींच्या माणसांनी एकत्र राहायचं, कष्ट करायचे, मिळेल ते वाटून खायचं. जातिभेद मोडला असं आपण सहज म्हणतो. पण तो आधी मोडावा लागतो चुलीपाशी, पंगतीत, पाण्याच्या माठापाशी. तिथे रोज उभी होती ती एक विशीतली मुलगी, सोवळं सुटू नये म्हणून जिवाचा आटापिटा करणाऱ्या घरातून आलेली.

बाबा वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना स्वतः डोक्यावरून मैला वाहायचे. त्याच कामात एकदा पावसात पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी त्यांना दिसला. बोटं झडलेली, जखमांत किडे. बाबा आधी घाबरून पळाले, मग परत आले, त्याला आडोसा केला, भरवलं. तो गेला तो त्यांच्याच देखरेखीत. पुढचं सगळं या प्रसंगातून उभं राहिलं. पण घरातल्या बाजूनं बघा. विकास १९४७चा, प्रकाश डिसेंबर १९४८चा. मांडीवर दोन लेकरं असताना नवरा सांगतो की यापुढे महारोग्यांसाठी जगायचंय. त्या काळी घरात कुणाला हा रोग निघाला तर सख्खे भाऊ त्याला गावाबाहेर काढत. कायदा होता तोही १८९८चा, रोग्याला समाजापासून दूर ठेवा म्हणणारा. आणि ताईंनी होकार दिला.

१९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली. बाबा कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधून कुष्ठरोगाचं शिक्षण घेऊन आले. १९५१च्या जूनमध्ये वरोऱ्याबाहेरच्या ५० एकर खडकाळ, झुडपांनी भरलेल्या माळावर विनोबांच्या हस्ते आनंदवन सुरू झालं. सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि १४ रुपये, ही यादी सगळ्यांना पाठ आहे. या यादीत पंचवीस वर्षांच्या ताई आणि त्यांची दोन लहान मुलं कुठे आहेत ते शोधावं लागतं. माळावर साप-विंचू, जंगली जनावर इतकं जवळ की कुत्री उचलून नेई. आधी पाणीच नव्हतं, विहीर खोदायला सहा रोगी आणि बाबा.

आता श्रद्धेबद्दल, कारण मला खरं तर त्याचसाठी लिहायचं होतं. बाबांचा मूर्तिपूजेवर, कर्मकांडावर विश्वास नव्हता. ताईंची देवपूजा आयुष्यभर चालू राहिली. माहेरचं सोवळं त्यांनी सोडलं, देव सोडला नाही. आपल्याकडे या दोन गोष्टींची इतकी घट्ट गाठ बसलेली असते की एक गेली की दुसरीही गेलीच असं सोवळेवालेही धरून चालतात आणि सुधारकही. ताईंनी ती गाठ सोडवली. देवाला फूल वाहणाऱ्या हातांनीच त्यांनी बोटं नसलेल्या माणसांना वाढलं, आणि यात विटाळ कुठेच आडवा आला नाही. हे त्यांनी नवऱ्याच्या आज्ञेनं केलं असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे असं मला मनापासून वाटतं. देवावर श्रद्धा नसलेल्या माणसानं रोग्याला जवळ करणं ही एक मोठी गोष्ट. शुद्ध-अशुद्धाचे संस्कार रक्तात असलेल्या बाईनं त्यालाच देवाचं काम मानणं ही माझ्या मते त्याहून अवघड.

वरोरा-चंद्रपूरकडचे, कुष्ठरोगाच्या क्षेत्रात काम केलेले कुणी इथे असतील तर जरूर लिहा.


वरोरेकर

मोहरताई, धागा काढला हे फार चांगलं केलं. आमचं घर जुन्या वरोऱ्यातलं. मी बाबा-ताईंच्या मोठेपणाबद्दल काय सांगणार, गावातल्या सामान्य घरात काय चालायचं ते सांगतो.

आनंदवनात सुरुवातीच्या वर्षांतच भाजीपाला त्यांच्या गरजेपेक्षा जास्त निघायला लागला. तो वरोऱ्याच्या बाजारात यायचा आणि तसाच परत जायचा. भाजी चांगली, भाव कमी, तरी कुणी हात लावायचं नाही. महारोग्यानं पिकवलेलं खायचं कसं? दुधाचंही तेच. आमची आजी सांगायची की आनंदवनाच्या भाजीची पाटी आली की बाया पदर सावरून दुसऱ्या बाजूनं निघून जायच्या.

मग सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक इमारती बांधायला आले. ही गोरी पोरं-पोरी कुष्ठरोग्यांसोबत राबतात, तिथंच राहतात, तिथलंच खातात, हे गावानं डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर बाजार हळूहळू उघडला, असंच सगळीकडे छापून आलेलं आहे आणि ते बरोबर आहे.

पण आमच्या आजीचं उत्तर वेगळं होतं. ती म्हणायची, गोऱ्यांचं काय, त्यांना कुठला आला विटाळ, ते काहीही खातील. आजीला पटलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. शास्त्र्याघरची लेक, देवाधर्माची, अन् ती तीच भाजी शिजवून आपल्या पोटच्या पोरांना खाऊ घालते. मग आपण कोण लागून गेलो? असं म्हणून तिनं वांगी घेतली. आधी अंगणातच तीन पाण्यानं धुतली, हेही खरं. दुसऱ्या खेपेला एकाच पाण्यानं धुतली.

तुम्ही श्रद्धेचा मुद्दा काढला म्हणून हे आठवलं. बाबांचं भाषण ऐकून आजी बदलली नसती. बाबा तिच्या दृष्टीनं जगावेगळे. ताई तिच्यातल्याच होत्या, कुंकू लावणाऱ्या, देवाला दिवा लावणाऱ्या.

पुढं १९६४ला आनंदवनानं आनंदनिकेतन महाविद्यालय काढलं. ज्या माळाकडं गाव बघत नव्हतं तिथं गावातली पोरं शिकायला जायला लागली. माझे वडील त्याच कॉलेजचे. आजीनं त्यांना डबा बांधून पाठवलं ते आनंदवनात!


कुष्ठतंत्रज्ञ

शासनाच्या कुष्ठरोग कार्यक्रमात पॅरामेडिकल वर्कर म्हणून नोकरी झाली, आता निवृत्त आहे. मोहर यांनी बोलावलंय तर 'सेवा' म्हणजे रोजचं काय काम असतं ते थोडं सविस्तर लिहितो. लोक आनंदवन बघून येतात आणि झाडं, विणकाम, वाद्यवृंद यांबद्दल बोलतात. या आजाराचं खरं काम फार कंटाळवाणं असतं.

कुष्ठरोगात त्वचा आणि मज्जातंतू बाधित होतात. मज्जातंतू गेला की त्या भागाची संवेदना जाते. बोटं आपोआप 'झडत' नाहीत. गरम भांडं धरलं तरी कळत नाही, भाजतं. पायात काटा रुतला तरी माणूस दिवसभर चालतो. रात्री उंदीर कुरतडून जातो, सकाळी रक्त बघून कळतं. जखम चिघळते, हाड कुजतं, मग बोट जातं. म्हणजे रोज संध्याकाळी प्रत्येकाचे तळपाय-तळहात बघायचे, पाण्यात भिजवायचे, तेल लावायचं, जखम असेल तर ड्रेसिंग करायचं, आणि हे कायमचं. जीवाणू मेल्यावरही गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही.

आता डोळ्यांसमोर आणा की अशा माणसांना घेऊन तुम्ही चूल पेटवताय, गोठा चालवताय, विहीर खोदताय. घमेलं कुणी धरायचं, विस्तवाजवळ कुणी जायचं नाही, कुणाला पेला धरता येत नाही म्हणून काय द्यायचं, हे रोज ठरवायला घरातल्या कर्त्या बाईची नजर लागते. ताई स्वतः गायींची धार काढायच्या, स्वयंपाकघर बघायच्या. आमच्या प्रशिक्षणात 'विकृती प्रतिबंध' असा सबंध विषय होता. ताईंना १९५१ साली तो कुणी शिकवलेला नव्हता.

औषधांचंही सांगतो. पूर्वी चालमोगरा तेलाची इंजेक्शनं देत, भयंकर दुखायची आणि गुण बेताचाच. १९४०च्या दशकात सल्फोन गटातली औषधं आली, डॅप्सोन त्यातलंच. एकटं डॅप्सोन वर्षानुवर्षं घ्यावं लागे. जागतिक आरोग्य संघटनेनं बहुविध औषधोपचार सुचवला तो १९८१ साली. रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन, सहा महिने किंवा बारा महिने, आणि रोगी बरा. आनंदवनाची पहिली तीस वर्षं या उपचारांच्या आधीची आहेत हे विसरू नये.

दुसऱ्यांची नावंही घेतली पाहिजेत. वर्ध्याजवळ मनोहरजी दिवाणांनी १९३६ला दत्तपूरचं कुष्ठधाम सुरू केलं होतं. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन होतं. मिरजेला मिशनऱ्यांचं कुष्ठरोग रुग्णालय होतं. बाबा-ताई रिकाम्या मैदानात उतरले नव्हते, विदर्भात या कामाची वाट आधी कुणीतरी मळून ठेवली होती. पण संसारासकट, तान्ह्या मुलांसकट रोग्यांमध्ये राहायला जाणं ही त्यांची स्वतःची गोष्ट.


अदिती_डोंबिवली

धागा आवडला. एक प्रश्न बरेच दिवस मनात आहे, तो इथे विचारते, कुणी वेगळा अर्थ घेऊ नये. मला दोन लहान मुलं आहेत. आदर्श म्हणून कितीही मोठं असलं तरी तीन-चार वर्षांच्या मुलांना अशा ठिकाणी वाढवणं हा निर्णय आई म्हणून कसा झाला असेल? स्वतः झोकून देणं वेगळं. मुलांना कुणी विचारलं होतं? ताईंच्या श्रद्धेबद्दल आदर आहेच, पण ही काळजी त्यांना वाटली नसेल असं म्हणणं मला खोटं वाटतं.


कुष्ठतंत्रज्ञ

@अदिती, प्रश्न अगदी योग्य आहे. वैद्यकीय बाजू सांगतो. हा आजार संसर्गजन्य आजारांमध्ये सर्वांत कमी पसरणाऱ्यांपैकी आहे. बहुसंख्य माणसांमध्ये त्याच्याविरुद्ध उपजत प्रतिकारशक्ती असते. प्रत्येक रोगी संसर्ग पसरवतो असंही नाही, आणि औषध सुरू झालं की पसरवण्याची शक्यता झपाट्यानं कमी होते. बाबांनी तर स्वतःच्या शरीरात कुष्ठरोगाचे जीवाणू टोचून घेतले होते, त्यांना आजार झाला नाही. मात्र लहान मुलं निकट सहवासात असतील तर धोका मोठ्यांपेक्षा जास्त, हे आम्हाला शिकवलं जायचं. म्हणजे ताईंची जोखीम लोकांना वाटायची तेवढी भयानक नव्हती, पण शून्यही नव्हती.


मोहर

@अदिती, काळजी वाटली नसेल असं मला मुळीच म्हणायचं नाही. काळजी वाटत नसती तर त्या होकाराला काय किंमत राहिली असती? ताईंचं 'समिधा' हे आत्मकथन आहे, ते वाचताना जाणवतं ते हेच, की ही बाई स्वतःला संत समजत नाही. भीती, अडचण, नवऱ्याच्या हट्टापायी होणारी ओढाताण, सगळं साध्या भाषेत येतं. जमलं तर मुळातून वाच.

आणि मुलांचं म्हणशील तर दोघंही नागपूरला डॉक्टरकी शिकले आणि दोघंही परत आले. विकास यांनी आनंदवन सांभाळलं. प्रकाश आणि त्यांच्या पत्नी मंदाताई भामरागडच्या जंगलात हेमलकशाला गेले, २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेव्हा तिथे वीज नाही, धड रस्ता नाही, पावसाळ्यात सहा-सहा महिने संपर्क तुटलेला. तिथल्या माडिया गोंड आदिवासींची भाषाही आधी शिकावी लागली. आपल्याला हे प्रकाश आमट्यांचं शौर्य म्हणून ठाऊक आहे. पण त्या आईचा विचार कर, जिनं एकदा स्वतःच्या संसाराबाबत हे सोसलं आणि पंचवीस वर्षांनी मुलाच्या संसाराबाबत पुन्हा सोसलं. सुनाही त्यांना अशा मिळाल्या की दोघी डॉक्टर आणि दोघी त्याच कामात उतरल्या. सासू म्हणून ताईंनी त्या घरात कसलं वातावरण ठेवलं असेल, यावर कुणी लिहायला हवं.


नाना_सातारकर

लेख उत्तम, पण मूळ मुद्द्याशी थोडा मतभेद नोंदवतो. ताईंना बाबांपासून वेगळं काढून तोलण्याची ही हल्लीची पद्धत मला बरोबर वाटत नाही. त्या स्वतः आयुष्यभर बाबांच्या पाठीशी उभ्या राहण्यातच धन्यता मानत आल्या. त्यांच्या पिढीच्या श्रद्धेत पतीचं कार्य हेच आपलं व्रत ही भावना होती. ती आज आपल्याला पटो न पटो, त्यांची होती. त्यांना 'खऱ्या संस्थापक' वगैरे ठरवणं हे आपलं आपल्या समाधानासाठी झालं.


गोदाकाठची

नानांचा मुद्दा आदरानं वाचला, तरीही मोहरशी सहमत आहे. पाठीशी उभं राहणं त्यांनी निवडलं असेल, पण पाठीशी उभ्या राहून त्यांनी काय काय केलं हे न सांगणं आपण निवडलंय.

मराठी समाजात हे पुन्हा पुन्हा झालंय. बाया कर्वे घ्या. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी, १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह, त्यांच्या मुरूड गावाचा बहिष्कार, पुढे नवऱ्याची सगळी मिळकत विधवांच्या आश्रमात जात असताना घर चालवणं आणि शिवाय संस्थेसाठी पैसे गोळा करत हिंडणं. किंवा लक्ष्मीबाई टिळक. नवरा १८९५ला ख्रिस्ती झाला तेव्हा सोवळ्यात वाढलेल्या या बाईवर आभाळ कोसळलं. पाच वर्षं त्या स्वतःशी झगडल्या आणि १९०० साली स्वतःच्या बुद्धीनं, स्वतःच्या वेळेला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अनाथ मुलं आपली म्हणून घरात वाढवली.

या बायांकडे पाहिलं की मोहर म्हणते तेच दिसतं. नवरा एका उडीत पलीकडे जातो. बायको एकेक पाऊल टाकत, घरातलं सगळं सामान डोक्यावर घेऊन, स्वतःचा देव बरोबर घेऊन पलीकडे पोचते. तिचा प्रवास सावकाश होतो म्हणून तो नवऱ्यामागून झालेला म्हणायचा, हे मला मान्य नाही.


नाना_सातारकर

@गोदाकाठची, लक्ष्मीबाईंचं उदाहरण बिनतोड आहे. 'सामान डोक्यावर घेऊन' हे पटलं. पतीचं कार्य हे व्रत होतं यावर मी ठाम आहे, पण व्रत करणारीला स्वतःचा देव असतो, हेही तितकंच खरं.


रेवाकाठ

माझी ओळख ताईंच्या उतारवयातल्या एका टप्प्याची आहे, प्रत्यक्ष नव्हे, जागेमुळे. नर्मदा परिक्रमा करताना मी मध्य प्रदेशातल्या बडवानीच्या बाजूनं गेलो होतो. १९९० साली बाबांनी आनंदवन सोडलं आणि तिथल्या कसरावदला, ऐन नर्मदेकाठी, येऊन राहिले. सरदार सरोवर धरणात बुडणाऱ्या गावांबरोबर आपणही राहायचं म्हणून. दहाएक वर्षं ते तिथे होते आणि ताई बरोबर.

बाबांच्या मणक्याचा आजार इतका वाढलेला की त्यांना बसता येत नसे. एकतर उभं नाहीतर आडवं. म्हणजे पासष्टीच्या ताई, स्वतःचं वाढलेलं वय, परका मुलूख, नदीकाठचं उन्हाळ्यातलं बडवानी (ज्यांनी अनुभवलंय त्यांनाच कळेल), आणि चोवीस तास आजारी माणसाची उठबस. शिवाय घरात नर्मदा बचाव आंदोलनातल्या माणसांची ये-जा. आनंदवनात चाळीस वर्षं घालवून, सगळं मार्गी लागल्यावर, पुन्हा शून्यापासून चूल मांडायची.

मोहरताईंनी देवाचं लिहिलंय म्हणून सांगतो. नर्मदा आपल्याकडे नुसती नदी नाही. परिक्रमावासी तिला उजव्या हाताला ठेवून चालतात, ती ओलांडत नाहीत. बाबा तिथे माणसांसाठी आले होते, विस्थापितांसाठी. घुलेशास्त्र्यांच्या लेकीला मात्र रोज उठून रेवामैयाचं दर्शन होत असणार. एकाच घरातून एकाच नदीकडे दोन माणसं आपापल्या श्रद्धेनं बघत असतील, असं तिथे उभं राहिल्यावर माझ्या मनात आलं. हा माझा कयास, पुरावा काही नाही.

बडवानीजवळच्या राजघाटावर गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई यांच्या अस्थींचं स्मारक होतं. २०१७ला धरणाच्या पाण्यामुळे तेही हलवावं लागलं.


सुमेधा_चंद्रपूर

मी तरुणपणी आनंदवनाच्याच सोमनाथ प्रकल्पातल्या श्रमसंस्कार छावणीला गेले होते. १९६७पासून मे महिन्यात भरते ती. मूल गावाजवळचं सोमनाथ, विदर्भातलं मे महिन्याचं ऊन, पहाटे उठून श्रमदान, दुपारी चर्चा, रात्री गाणी. आमच्या वेळी महाराष्ट्रभरातून पोरं आलेली. घरून निघताना आईनं एकच विचारलं होतं, 'तिथे जेवायचं कुणाच्या हातचं?' परत आले तेव्हा मी तिला उत्तर दिलं, ते तिला आवडलं नाही, पण पुढच्या वर्षी तिनं माझ्या धाकट्या भावालाही पाठवलं.

मला वाटतं ताईंचं समाजकार्य असं मोजलं पाहिजे. वरोरेकरांची आजी, माझी आई. किती घरांतलं सोवळं किती कमी झालं याची नोंद कुठल्या अहवालात नसते.

आनंदवनातल्या 'स्नेहसावली'बद्दलही लिहावंसं वाटतं. बरे झालेले पण म्हातारे झालेले कुष्ठमुक्त लोक तिथे राहतात. तरुणपणी आले, बरे झाले, घरचे न्यायला आलेच नाहीत, आणि तिथेच पिकले. त्यातल्या एका आजीबाईंना मी विचारलं होतं, माहेर कुठलं? त्यांनी आनंदवनच सांगितलं. मी पुन्हा विचारायला गेले तर शेजारच्या मावशींनी मला खुणेनं थांबवलं.


वरोरेकर

सुमेधाताई, स्नेहसावलीचं लिहिलं ते वाचून गलबललं.

शेवटच्या काळाबद्दल दोन ओळी. ९ फेब्रुवारी २००८ला बाबा गेले. त्यांना त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन न करता आनंदवनातच पुरलं. ताई त्यानंतर तीन वर्षं होत्या, आनंदवनातच. कर्करोग झाला होता. ९ जुलै २०११ला त्या गेल्या. दोनच दिवसांवर आषाढी एकादशी आली होती. आमच्या गल्लीतली दिंडीला गेलेली माणसं पंढरपुरात होती, तिथं त्यांना फोनवर कळलं. आजी तोवर राहिली नव्हती. असती तर म्हणाली असती की पांडुरंगानं वेळ बरोबर साधली.


मोहर

सगळ्यांचे मनापासून आभार. वरोरेकर, तुमच्या आजींची वांगी माझ्या अख्ख्या लेखापेक्षा जास्त सांगून जातात. मी जे मांडायचा प्रयत्न करत होते ते असं की ताईंची श्रद्धा त्यांच्या कामात अडसर नव्हती आणि शोभेची वस्तूही नव्हती, तिच्यामुळेच त्या कामाला गावातल्या घरांची दारं उघडली. हे मला या धाग्यावर येऊन कळलं. रेवाकाठ, तुमचा कयास मीही जपून ठेवतेय, कयास म्हणूनच.

नानांना एक सांगायचंय. बाबांना मॅगसेसे (१९८५), संयुक्त राष्ट्रांचा मानवाधिकार पुरस्कार (१९८८), टेम्पल्टन (१९९०), गांधी शांतता पुरस्कार (१९९९) असे सन्मान मिळाले आणि ते सगळे योग्यच होते. त्यातला एकही ताईंनी स्वतःचा मानला नसता, हे तुमचं म्हणणं मान्य. तरी आपण मानायला काय हरकत आहे?


अदिती_डोंबिवली

'समिधा' मागवलंय. आणि मुलांना घेऊन आनंदवनला जायचं ठरवतेय. कसं जायचं, कधी जावं, कुणी सांगेल का?


वरोरेकर

@अदिती, वरोरा हे वर्धा-बल्लारशा मार्गावरचं स्टेशन आहे. सगळ्या गाड्या थांबत नाहीत, तेव्हा नागपूर, वर्धा किंवा चंद्रपूरला उतरून एसटीनं आलात तरी चालेल. आनंदवन गावाला लागूनच आहे, ऑटोवाल्याला नुसतं नाव सांगा. राहायचं असेल तर आधी संस्थेच्या कार्यालयाशी बोलून घ्या. एप्रिल-मे टाळा, लेकरांना आमचं ऊन सोसायचं नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. श्रद्धावनात बाबा आणि ताई दोघांच्याही समाध्या आहेत. हातमागाचं कापड, सतरंज्या, भेटकार्डं तिथल्या लोकांनीच केलेली मिळतात. मुलांना विणकाम विभाग जरूर दाखवा, तिथं वेळ द्या, घाईनं फोटो काढून निघू नका.

हेमलकशाला जाणार असाल तर तो वेगळा बेत करा, इथून पुढं सगळा दिवस जातो. पावसाळ्यात नको, भामरागडजवळ पर्लकोटा नदी पुलावरून वाहते आणि रस्ता बंद होतो.


सुमेधा_चंद्रपूर

डिसेंबरात येणार असशील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, मी चंद्रपूरहून येईन. मुलांच्या जेवणाची काळजी करू नकोस, आनंदवनातल्या भोजनगृहातच सगळे जेवू.